धावेवरचे बैल आणि पाच हॉर्सपॉवर

1972 सालचा मार्गशीर्ष. बीडहून आलेली एसटी तुम्हाला फाट्यावर उतरवून पाटोद्याकडे निघून जाते. पुढची वाट पायी. बालाघाटाच्या या माळावर आता ज्वारी कंबरेला लागायला हवी. तुम्हाला दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं दिसतात. दुष्काळी कामावर बायामाणसं खडी फोडतायत, पोरांच्या मुठीत सुकडी. वाडीत शिरून "मिस्त्री कुठंयत?" एवढं विचारा. विहिरीकडं बोट दाखवतील.

इंजिनं दुरुस्त करणारी अशी माणसं तेव्हा मराठवाड्यात दर दोन-चार गावांआड होती. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना ओळ मिळाली नाही, म्हणून इथं जरा थांबा. या मिस्त्रींच्या गोठ्यात लाल कंधारी बैलांची जोडी, दोन गाई, पाच-सहा उस्मानाबादी शेळ्या. दावी अंबाडीची, घरी वळलेली. वैरणीच्या माचाखाली पाने, छिन्नी, पिस्टनच्या जुन्या रिंगा. शाळा दुसरीपर्यंत. परळीचं औष्णिक वीज केंद्र गेल्याच वर्षी सुरू झालंय, पण विजेचा खांब अजून वाडीवर आलेला नाही. विहिरीवर आहे ते पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन.

आणि आज ते मुकं झालंय. विहिरीत पाणी आहे, पण खोल गेलंय. पंप कितीही चांगला असला तरी वीस-बावीस फुटांखालचं पाणी त्याला ओढत नाही. इंजिन खालच्या टप्प्यावर उतरवायचं, दुसरा इलाज नाही. चाकं काढून ठेवली तरी चार माणसांना न हलणारं धूड, आणि क्रेन हा शब्दही कुणी ऐकलेला नाही.

"काय बघायलास? नाडा धर," मिस्त्री तुम्हाला म्हणतात.

जुन्या मोटेचं चाक अजून विहिरीच्या तोंडावर आहे. नाडा त्यावरून घेऊन इंजिनाला आवळतात, दुसरं टोक बैलांच्या जुवाला. मोटेचे बैल धावेच्या उतारावरून पुढं उतरले की मोट वर येते आणि पाठमोरे चढले की खाली जाते. या जोडीनं ते वर्षानुवर्षं केलंय. मिस्त्री कासऱ्याला हातही लावत नाहीत. तोंडानं हलकं "हो... हो..." आणि बैल पाऊल पाऊल मागं येतात. थांब म्हटलं की खूर रोवून उभे. तुमच्या तळहाताखालून नाडा सरकतो आणि ते धूड विहिरीच्या पोटात अलगद टेकतं. मला विचाराल तर ही गोष्ट कुठल्याही कारखान्यातल्या कामाच्या तोडीची आहे, आणि तिच्यातला निम्मा कारागीर चार पायांचा आहे.

नळीच्या बुडाशी असलेल्या फुटव्हॉलचं चामडं झिजलंय. ते घ्यायला बीडला जायचं तर दिवस मोडणार. मिस्त्री जुन्या मोटेचा कातडी तुकडा तेलात भिजवून आणतात, झिजलेलं चामडं त्यावर ठेवून कोळशानं रेघ मारतात, रापीनं कापतात. बसतं. मग डिझेलच्या नळीचा नट सैल करतात. फेसाळ बुडबुडे येतात, हवा निघून जाते, डिझेल स्वच्छ वाहू लागलं की नट आवळायचा. आता हँडल तुमच्या हातात. फिरवा, अजून जोरात. मिस्त्री लिव्हर सोडतात. भक्... भक्... आणि काळा धूर विहिरीतून वर चढतो.

ते लगेच वर येत नाहीत. डोळे मिटून ऐकत राहतात. बैलाच्या नाकपुडीवर हात ठेवून ताप ओळखणारा हा माणूस आवाजावरून नोझल बिघडलं की बेअरिंग ते सांगतो. पाणी पाटातून निघतं ते थेट अर्ध्या एकरातल्या कडवळाला. माणसांना सरकारी मिलो ज्वारी तरी मिळते. जनावरांचं जगणं या हिरव्या तुकड्यावर आहे. आजूबाजूच्या वाड्यांतली गुरं मातीमोल भावानं हिरापूरच्या बाजारात चाललीत.

आता तीस वर्षं पुढं या. माळावर बोअर पडलेत. मोटार कित्येक फूट खाली, बोअरच्या पाइपात, पाण्यात बुडालेली. मिस्त्री पाइपाला कान लावतात, पण तिचा आवाज वर येत नाही. जळाली की चेनकप्पी लावून उपसायची, टेम्पोत घालून तालुक्याला न्यायची, वाइंडिंगवाल्याकडं नंबर लावायचा. त्यात चार-सहा दिवस जातात. माणसांना टँकरवर काढता येतं. चार गाई आणि बैलजोडीला रोज दोन-अडीचशे लिटर लागतं, ते हंड्यांनी आणून पुरत नाही. म्हणून या घरची बैलजोडी आधी गेली, मग गाई, आणि ज्या हातांनी मोटेच्या कातड्यातून फुटव्हॉलचं चामडं कापलं त्यांना शेळ्यांपुरतं काम उरलं.