झिजलेली पुस्तके : मराठी अद्भुत आणि रहस्यकादंबरीच्या इतिहासाविषयी काही विचार

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा अभ्यासक उपलब्ध ग्रंथांच्या आधारे लिहितो. यात वावगे काही नाही. परंतु काही ग्रंथ उपलब्ध का राहिले आणि काही का राहिले नाहीत, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जे टिकले ते गुणवत्तेमुळे टिकले, असे आपण मनोमन धरून चालतो. मराठी कादंबरीच्या बाबतीत हे गृहीत कितपत खरे आहे, याची तपासणी करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. अद्भुत, साहस आणि रहस्य या प्रकारांतील कादंबऱ्या आपल्या ग्रंथालयांतून नाहीशा होत आहेत. त्या न वाचल्यामुळे नव्हे, तर फार वाचल्या गेल्यामुळे नाहीशा झाल्या, असे माझे प्रतिपादन आहे.

या विषयाकडे मी वळलो तो वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून नव्हे. पोलीस व कचेरी यांच्या व्यवहारातील शब्द बोली मराठीत कसे रुळले, याची टिपणे मी करीत होतो. त्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यावरचे संवादप्रधान गद्य हवे होते. तालुक्याच्या एका ग्रंथालयात गेलो असता, रद्दीत काढावयाच्या पुस्तकांचा ढीग कोपऱ्यात रचलेला दिसला. त्यांत बहुतेक रहस्यकथा होत्या. कित्येकांची मुखपृष्ठे गेली होती, काहींची शेवटची पाने हातांनी लिहून जोडलेली होती. मागल्या पानावरील चिठ्ठ्यांवर मात्र परतीच्या तारखांचे शिक्के इतके दाट उमटले होते की कित्येक पुस्तकांना दुसरी, तिसरी चिठ्ठी डकवावी लागली होती. त्याच दालनात काचेच्या कपाटात मान्यवर ग्रंथकारांचे संच होते. त्यांतील काहींची पाने अजून कापलेलीही नव्हती. त्या दिवशी मला आपल्या इतिहासलेखनातील एक दोष प्रत्यक्ष दिसला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता थोडे मागे जाऊ. मराठी कादंबरीचा आरंभ बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या सामाजिक कृतीने झाला, तरी पुढील दोन दशकांत वाचकांचे मन व्यापले ते अद्भुताने. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. या कादंबऱ्यांना पुढील टीकाकारांनी ‘अद्भुतरम्य’ म्हणून बाजूला सारले. परंतु रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत दिलेले कारण विचारात घेण्याजोगे आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या चाली आणि एकंदर आयुष्यक्रम असा आहे की त्यात मनोरंजक असे काही घडतच नाही. तेव्हा रोजचे अनुभव लिहिले तर ते रसहीन होईल आणि म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे पलायन खरे, परंतु कोणत्या परिस्थितीतून पळावयाचे आहे याची पूर्ण जाणीव असलेले पलायन आहे.

यानंतर इंग्रजी वाचनाचा परिणाम दिसू लागला. हा परिणाम घडविणारा लेखक इंग्रजी वाङ्मयाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स याच्या स्वस्त, हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या रोमांचक कादंबऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात विलक्षण लोकप्रिय होत्या. इंग्लंडमध्ये तो विस्मृतीत जाऊ लागला तेव्हाही आपल्याकडील वाचनालयांत त्याला मागणी होती. हरि नारायण आपटे हे मराठीतील वास्तववादी कादंबरीचे जनक मानले जातात. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक कादंबरीचा आधार घेऊन लिहिलेली आहे. म्हणजे ज्या प्रवाहाला पुढे हीन ठरविण्यात आले, त्याच प्रवाहाच्या काठावरून आपल्या वास्तववादाने पहिले पाऊल टाकले. हे आपण विसरतो.

गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्सला मराठी वेष चढविला. ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’, ‘चतुर माधवराव’, ‘इंद्रभुवनगुहा’ ही नावे एका काळी घरोघर ठाऊक होती. त्यांच्या मागोमाग नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), आले. शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा झाला होता. उरलेले आयुष्य अंथरुणाला खिळलेल्या या लेखकाने ‘वीरधवल’ (१९१३) सारखी घोडदौडीची, भुयारांची आणि तलवारबाजीची कादंबरी लिहिली. नाथमाधवांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना वाङ्मयेतिहासात थोडी जागा मिळते. ‘वीरधवल’चा उल्लेख मात्र बहुधा ओझरता असतो.

तिसरा टप्पा रहस्यकथेचा. त्याचे केंद्र मुंबई. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही पात्रे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. त्यांच्या मागून आलेल्या गुरुनाथ नाईक यांचे मूळ गोव्याचे. त्यांच्याही रहस्यकथांची संख्या हजारावर गेली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला स्वतंत्र स्थान मिळवून दिले. संख्येच्या दृष्टीने पाहिले तर मराठी कल्पित वाङ्मयाचा हा एक मोठा प्रदेश आहे. इतिहासाच्या ग्रंथांत मात्र त्याच्या वाट्याला पुष्कळदा एखादा परिच्छेद येतो.

हे असे का झाले? ‘दर्जा’ हे एकच उत्तर पुरेसे नाही. शेजारच्या भाषांशी तुलना केली असता हे स्पष्ट होते. हिंदीत देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या इतिहासात खत्रींच्या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसविले नाही, तरीही हिंदीला त्यांनी जितके वाचक मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाहीत, हे मोकळेपणाने मान्य केले. बंगालीत प्रियनाथ मुखोपाध्याय यांच्या ‘दारोगार दप्तर’ या १८९२ पासूनच्या मालिकेकडे आता संशोधक आवर्जून वळले आहेत. मराठीतही आरंभी असा विचार झाला होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा गंभीरपणे परामर्श घेतला. पुढे मात्र समाजसुधारणा हा कादंबरीचा हेतू आणि स्वतंत्रता हा तिचा निकष ठरला. रूपांतर हा शब्द निंदाव्यंजक झाला. दातारशास्त्री ज्या काळात लिहीत होते त्या काळी रूपांतर हा लेखनाचा सर्वमान्य मार्ग होता. नाटकाच्या क्षेत्रात आपण तो आजही अभिमानाने सांगतो. कादंबरीच्या क्षेत्रात मात्र त्याच गोष्टीचा दोष झाला.

दुसरे कारण भौतिक स्वरूपाचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. ही पुस्तके वाचक विकत घेऊन संग्रही ठेवीत नसत. अनामत ठेवून, महिन्याची वर्गणी भरून, गल्लीतल्या वाचनालयातून ती आणावयाची आणि परत करावयाची अशी चाल होती. एक प्रत शेकडो हातांतून जाई. हलका कागद, तारेची शिवण, पातळ पुठ्ठा. असे पुस्तक किती वर्षे टिकणार? विद्वानांच्या खाजगी संग्रहांत ते नव्हते, म्हणून त्या संग्रहांच्या देणगीतून ते मोठ्या ग्रंथालयांतही फारसे आले नाही. वाचनालये बंद पडली तशी ती पुस्तके वजनावर गेली. अशा रीतीने ज्याला वाचक लाभला नाही ते शाबूत राहिले आणि ज्याला उदंड वाचक लाभला ते झिजून गेले. उरलेल्या प्रतींवरून वाचकांची अभिरुची ठरवू पाहणारा इतिहासकार येथे नेमका उलटा निष्कर्ष काढण्याचा संभव आहे.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने ही हानी कोणती, तेही पाहू. ‘हेर’ आणि ‘जासूद’ हे शब्द जुन्या मराठीत राजसेवेशी निगडित आहेत. हेर हा राजाचा किंवा सेनेचा. खाजगी रीतीने, मोबदला घेऊन गुन्ह्याचा शोध लावणारा मनुष्य ही कल्पनाच नवी होती. तिच्यासाठी ‘गुप्तहेर’ हा शब्द वापरात आला आणि ‘डिटेक्टिव्ह’ त्याच्या शेजारी नांदू लागला. हा अर्थविस्तार शब्दकोशाने घडविलेला नाही, कथेने घडविलेला आहे. तीच गोष्ट ‘सुगावा’, ‘पाळत’, ‘माग’ या शिकारीच्या आणि चौकी-पहाऱ्याच्या शब्दांची. पंचनामा, मुद्देमाल, फौजदार, जबानी, फरारी हे शब्द कचेरीतून निघून सामान्य वाचकाच्या बोलण्यात रुळण्यास या कथांनी मोठा हातभार लावला असावा, असे माझ्या टिपणांवरून मला वाटते.

येथे एक विरोध लक्षात घेण्यासारखा आहे. १९२० नंतरच्या दोन दशकांत सावरकर आणि माधव ज्यूलियन यांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. फार्सी व इंग्रजी शब्दांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द सुचविले गेले आणि त्यांतील कित्येक आज आपण सहज वापरतो. शिष्ट गद्यावर या चळवळीचा ठसा उमटला. रहस्यकथेचे गद्य मात्र टॅक्सी, रिव्हॉल्व्हर, इन्स्पेक्टर, चाळ, खोली यांच्या संगतीत राहिले. त्यातील वाक्य आखूड, संवाद तुटक, परिच्छेद दोन-तीन ओळींचा. ‘वाचकहो’ अशी साद घालीत आणि निसर्गवर्णनात रेंगाळत जाणारे दातारकालीन गद्य ते हे नव्या पद्धतीचे गद्य, हा प्रवास चाळीस-पन्नास वर्षांत झाला. मोठ्याने, चारचौघांत वाचावयाचे गद्य आणि लोकलच्या डब्यात एकट्याने मुकाट वाचावयाचे गद्य यांतील हा फरक आहे. मराठीत जलद व मूक वाचनाची सवय कशी लागली, याचा पुरावा कोठे शोधावयाचा असेल तर तो येथे.

या वाङ्मयाचा मी अनावश्यक गौरव करू इच्छीत नाही. घाईने लिहिलेली, एकाच साच्यातून काढलेली, परकीय कथानक उचलून त्याचा उल्लेखही न करणारी पुस्तके त्यांत पुष्कळ आहेत. खलपुरुषाचे रंगरूप, त्याची जात किंवा परप्रांतीयत्व यांविषयीचे पूर्वग्रहही त्यांत सापडतात. परंतु पूर्वग्रह हाही इतिहासाचाच पुरावा आहे, आणि पुरावा आवडता नाही म्हणून तो नष्ट होऊ देणे संशोधकाला शोभत नाही.

या दिशेने काय करता येईल? पहिले साधन सरकारी दप्तराचे आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करणे बंधनकारक झाले आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. त्यांत ग्रंथनाम, कर्ता, मुद्रक, पृष्ठे, किंमत, आवृत्ती, इतकेच नव्हे तर छापलेल्या प्रतींची संख्याही दिलेली असे. दुसरे साधन शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा आहे. या दोहोंतील कादंबरीच्या नोंदी काढून त्या मोठ्या ग्रंथालयांतील आजच्या प्रतींशी ताडून पाहिल्या, तर किती पुस्तके हरवली याचा अदमास प्रथमच हाती येईल.

दुसरी अडचण कायद्याची आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे ग्रंथस्वामित्व टिकते. नाथमाधव आणि दातारशास्त्री यांचे लेखन त्यातून मुक्त झाले आहे, म्हणून त्याचे पुनर्मुद्रण सुलभ आहे. अर्नाळकरांच्या बाबतीत ही मुदत २०५६ अखेर संपेल. त्यांच्या जुन्या प्रतींचा कागद तोवर टिकेल अशी आशा नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या संग्रही असलेल्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे वाट आहे. पण ती प्रत करावयाची तर मूळ पुस्तक आधी संग्रही हवे. रद्दीत गेलेल्या पुस्तकाला या सवलतीचा काही उपयोग नाही.

म्हणून आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना माझी एक साधी विनंती आहे. सुट्टीत गावी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक, बंद पडलेल्या वाचनालयाचे कपाट, शेजारच्या आजोबांची फळी पाहावी. मुखपृष्ठ नसलेले, पाने गळलेले पुस्तकही टाकू नये. त्याच्या मागील पानावर तारखांचे शिक्के असतील तर ते जसेच्या तसे राहू द्यावेत, कारण पुस्तक किती वेळा आणि कोणत्या वर्षांत वाचले गेले हे सांगणारा तो एकमेव कागद आहे. त्या ढिगातून मला मिळालेली अकरा पुस्तके आता विभागाच्या कपाटात ठेवली आहेत. त्यांपैकी चार पुस्तकांचा शेवट नाही. ज्यांच्याकडे त्यांच्या पूर्ण प्रती असतील त्यांनी कळवावे.