ट्रकच्या वापरलेल्या डिझेल इंजिनाची पुनर्बांधणी

वापरलेल्या डिझेल इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे जुने इंजिन पूर्ण सुटे करून त्याचे भाग धुणे, मोजणे, झिजलेले भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे आणि इंजिन पुन्हा जुळवणे होय. गॅरेजच्या बोलीत याला 'इंजिन बांधणे' म्हणतात. हे काम इंजिन ट्रकवर चढवण्यापूर्वी केले जाते. नंतर दोष आढळल्यास इंजिन पुन्हा उतरवावे लागते आणि तेवढे दिवस ट्रक उभा राहून मालकाचे उत्पन्न बुडते.

स्थानिक संदर्भ

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे उल्हास नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आहेत, तर उल्हासनगर लघुउद्योगांसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे या पट्ट्यात ट्रकची वर्दळ मोठी असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या खोऱ्यात मोठा पूर आला होता. पुरात बुडालेले इंजिन बाहेरून धुतल्यावर निर्दोष दिसू शकते. मात्र आत गंज व गाळ राहतो. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याची शक्यता असते. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, असे इंजिन न उघडता बसवणे जोखमीचे ठरते.

तपासणी व मोजमाप

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते पेट घेते. दाब टिकवणे लायनर, पिस्टन रिंगा व व्हॉल्व्ह यांवर अवलंबून असते. लायनरचा व्यास वर, मध्यभागी व खाली, परस्परांशी काटकोनात मोजतात. वरच्या रिंगेच्या पातळीवर झीज सामान्यतः सर्वाधिक असते. क्रँकशाफ्टचे जर्नल लंबगोल झाले असल्यास ते सहसा ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने घासून त्याच मापाचे जाड बेअरिंग घालतात. ब्लॉक व हेड यांची तड्यांसाठी आणि सपाटीसाठी पाहणी होते. इंधन पंप व नोझल यांची चाचणी स्वतंत्र यंत्रावर घेतात.

जुळवणी व बसवणी

जुळवणीपूर्वी तेलाचे सर्व मार्ग स्वच्छ करतात. त्यांत राहिलेला कीस नवे बेअरिंग खराब करतो. गास्केट व ऑइल सील नवे घालतात. हेडचे बोल्ट उत्पादकाने ठरवलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळतात. इंजिन बसवताना रेडिएटर, हवेच्या नळ्या व क्लच प्लेटही तपासतात. गळक्या नळीतून शिरलेली धूळ नव्या रिंगा लवकर झिजवते. प्रथम इंधन बंद ठेवून इंजिन स्टार्टरने फिरवतात आणि तेलाचा दाब आल्यावरच ते सुरू करतात.

नोंदणी

वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक असतो. पूर्वमान्यतेशिवाय इंजिन बदलल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवणे आवश्यक असते. या तिन्ही शहरांतील वाहनांची नोंदणी कल्याणच्या परिवहन कार्यालयात (एमएच-०५) होते. त्यामुळे जुन्या इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवणे आणि क्रमांक पडताळणे हाही पुनर्बांधणीच्या पूर्वतयारीचा भाग मानला जातो.