एकट्याचा डाव : मेजावरून मोबाइलवर

मोबाइलवर आज सर्रास खेळला जाणारा सॉलिटेअर हा खेळ संगणकाने जन्माला घातलेला नाही. संगणकाने तो तयार स्थितीत उचलला आणि उचलताना त्यातील हातांचे काम स्वतःकडे घेतले. एकट्याने मांडून एकट्यानेच सोडवायच्या पत्त्यांच्या डावांना इंग्लंडमध्ये ‘पेशन्स’ असे सामान्य नाव आहे. त्यांच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मन खेळपुस्तकांत सापडतात आणि विशेष म्हणजे, त्या वर्णनांत हा डाव एकांतातला नसून चढाओढीचा दिसतो. पुढे तो युरोपभर पसरला. अशा डावांचा पहिला ज्ञात संग्रह १८२६ मध्ये रशियात छापला गेला. सेंट हेलेना बेटावरील बंदिवासात नेपोलियन पेशन्समध्ये रमत असे, ही कथा इतकी रुजली की अनेक डावांना त्याचे नाव मिळाले, परंतु पत्त्यांच्या इतिहासकारांना तिला भक्कम आधार आढळलेला नाही.

मोबाइलवर ज्याला नुसते ‘सॉलिटेअर’ म्हणतात, तो बहुधा या कुळातील ‘क्लोंडाइक’ नावाचा डाव असतो. हे नाव कॅनडाच्या वायव्येकडील ज्या भागात १८९६ मध्ये सोने सापडले आणि ज्याच्याकडे माणसांची रीघ लागली, त्या भागाचे आहे. बावन्न पत्त्यांचा कॅट पिसून त्यातील २८ पत्ते सात उभ्या रांगांत लावले जातात: पहिल्या रांगेत एक, दुसरीत दोन, याप्रमाणे सातवीत सात. प्रत्येक रांगेतील शेवटचा पत्ता तेवढा उताणा, बाकीचे पालथे, आणि उरलेले २४ पत्ते बाजूला गठ्ठ्यात राहतात. रांगेत काळ्यावर लाल व लालवर काळा असा उतरता क्रम लागतो, म्हणजे बदामाच्या राणीवर किल्वरचा गुलाम किंवा इस्पिकच्या नव्वीवर चौकटची अठ्ठी चालते. रिकाम्या झालेल्या रांगेत मात्र केवळ राजालाच जागा मिळते. अखेरीस चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत ओळीने लागले की डाव सुटला. मराठी घरांतील ‘बदाम सात’मध्येही रंग असेच क्रमाने लावतात, परंतु तेथे सुरुवात सत्तीपासून होते आणि पाने अडवून धरणारे इतर भिडू असतात, येथे अडवणूक फक्त पालथ्या पत्त्यांची असते.

मेजावर खेळताना पिसणे, मांडणे आणि गोळा करणे यांतच बराच वेळ जाई, आणि अडलेला डाव पुन्हा मांडण्यापेक्षा एखादा पालथा पत्ता हळूच उचलून पाहणे सोपे असे, कारण हरकत घेणारे समोर कोणी नसे. ‘ला बेल ल्युसी’ या डावात तर अडलेला एक पत्ता एकदा मोकळा करण्याची सवलत कित्येक ठिकाणी रीतसर दिली जाते, त्यामुळे अशा ढिलाईला लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल; किती कडक खेळायचे हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे, हा या परंपरेचाच भाग होता.

१९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये मायक्रोसॉफ्टने हा डाव समाविष्ट केला. त्याचा प्रोग्राम वेस चेरी या तरुणाने कंपनीत उमेदवारी करताना लिहिला होता, तर पत्त्यांची चित्रे मॅकिंटॉशच्या चिन्हांमुळे ख्यातनाम झालेल्या सुझन केअर यांनी रेखाटली होती. कळफलकावर आज्ञा टंकित करण्याची सवय असलेल्यांना माऊसचे बटण दाबून धरणे, वस्तू ओढत नेणे आणि योग्य जागी सोडणे ही हालचाल नवखी होती, आणि पत्ता हलवता हलवता ती सहज अंगवळणी पडे. नियमात न बसणारा पत्ता आपोआप मूळ जागी परत जाई. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत आणि घरांत विंडोज आले ते हा खेळ बरोबर घेऊनच.

विंडोजमधील ‘फ्रीसेल’ या सोबतच्या डावात सर्व पत्ते उताणे असतात, त्यामुळे नशीब केवळ मांडणीपुरते उरते. त्याच्या मांडण्यांना १ ते ३२,००० असे क्रमांक होते. १९९४-९५ मध्ये अनेक स्वयंसेवकांनी त्या आपसांत वाटून घेऊन सोडवल्या, तेव्हा त्यांतील ११९८२ हा एकच क्रमांक कोणालाही सुटला नाही. पत्ते हाताने पिसले जात तोवर तीच मांडणी दुसऱ्या कोणापुढे येणे जवळजवळ अशक्य होते. क्रमांकामुळे मात्र शेकडो मैलांवरील अनोळखी माणसे एकाच डावावर डोके चालवू शकली, आणि संगणकाने या खेळाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी हीच होय.

मोबाइलवर पत्ते आणखी लहान झाले, त्यांवरचे आकडे मोठे झाले, आणि पत्ता ओढण्याचीही गरज उरली नाही. बोट टेकवताच तो आपली जागा स्वतः शोधतो. त्याहून खोल बदल मांडणीत झाला आहे. गठ्ठ्यातून तीन-तीन पत्ते उघडण्याच्या प्रकारात सर्व पालथे पत्ते आधीच ठाऊक आहेत असे धरले, तरी सुमारे ८२ टक्केच डाव सुटू शकतात, असे संगणकीय गणनेतून दिसून आले आहे. अनेक ॲपांत आता निश्चितपणे सुटणारे डावच निवडून मागता येतात; तेथे अडलेला खेळाडू पत्त्यांना बोल लावू शकत नाही, कारण न सुटणारा डाव त्याच्यापुढे येतच नाही.