डाग कागदाचा, वण माणसाचा

निवृत्तीनंतर शिकलेल्या गोष्टींपैकी संगणकावर जुने फोटो दुरुस्त करणे ही माझ्या विशेष आवडीची. नातीने फोटोशॉपची तोंडओळख करून दिली, आणि इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो हा, की चेहरे 'सुधारण्याचं' हे खूळ आलं कुठून? संगणकाने आणलं असं आपल्याला वाटतं. मुळीच नाही!

फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. त्यानंतर सोळाच वर्षांनी, १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात, म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल यांनी एकाच चेहऱ्याच्या दोन प्रती मांडल्या. एक जशीच्या तशी, दुसरी निगेटिव्हवर हात फिरवून काढलेली.

ही नुसती हौस नव्हती बरं का. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला हळव्या आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे गालावरचा फिकट तांबूस ठिपकासुद्धा फोटोत काळा होऊन उमटे. म्हणजे कॅमेऱ्याची चूक पेन्सिल दुरुस्त करत होती.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. सुरकुतीची सावली तिथे पारदर्शक रेघ होते. निगेटिव्हला मागून उजेड द्यायचा, वर पेन्सिल धरेल असं रोगण लावायचं आणि टोकदार पेन्सिलीने ती रेघ हलक्या हाताने भरायची. छापताना तिथून उजेड कमी जातो, सुरकुती फिकी पडते. गडद करायचं असेल तिथे पात्याने अलगद खरवडायचं. एकदा खरवडलं की गेलं!

फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये. २००२ च्या आवृत्तीत 'हीलिंग ब्रश' आला. तो जवळच्या चांगल्या जागेचा पोत उचलतो आणि डागाभोवतीच्या रंगाशी, उजेडाशी जुळवून बसवतो. मात्र कागदावरचा डाग कुठला आणि चेहऱ्यावरचा कुठला, हे त्याला कळत नाही. ते आपण ठरवायचं.

माझ्या आईचा एकच फोटो घरात आहे, स्टुडिओत काढलेला. तिला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडावर वण होते, मी रोज पाहिलेले. फोटोत मात्र गाल गुळगुळीत! त्या कारागिराने चांगल्या भावनेनेच ते भरले असणार. कदाचित आईलाही बरं वाटलं असेल. पण नातीने विचारलं, "आजोबा, पणजीच्या तोंडावर खरंच वण होते का?" तेव्हा दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. गेलेले वण कुठलाही ब्रश परत आणू शकत नाही. आणला तर तो माझ्या मनातला असेल, तिचा नव्हे.

आपल्या देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ चा. त्या रोगातून वाचलेली पिढी आता विरळ झाली आहे. तिचे चेहरेही अशा फोटोंतून पुसलेले असावेत, याची मला हुरहुर वाटते.

म्हणून मी एक नियम केला आहे. बुरशी, घडी, शाईचा ठिपका ही कागदाची दुखणी, ती खुशाल काढावीत. तीळ, गोंदण, वण, सुरकुत्या माणसाच्या, त्यांना हात लावू नये. कुणी आग्रहच धरला तर वेगळ्या थरावर काम करावं, म्हणजे मूळ फोटो खाली शाबूत राहतो. १९९४ पासून फोटोशॉपमध्ये ही सोय आहे, काचेवरच्या कारागिराला ती नव्हती.

आईच्या फोटोमागे मी पेन्सिलीनेच दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: तोंडावर देवीचे वण होते. हसली की ते दिसेनासे होत.