जुनी की नवी? : पिकअप गाडीच्या शंभर वर्षांतील एक प्रश्न

बैलबाजारात बैल घ्यावयास गेलेला शेतकरी प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहतो. बैल आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे, हे दातांवरून कळते. तेथे विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. मग तो बैलाला चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, आणि शेवटी रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरतो. एवढे सारे केल्यावरही एक गोष्ट विक्रेत्यापाशीच उरते : हा बैल भर उन्हात नांगराला जुंपला असता मध्येच बसतो की नाही. विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असे हे जे ज्ञान, त्याची किंमत कोणी आणि कशी मोजावी, हा व्यापाराइतकाच जुना प्रश्न आहे.

बैलाची जागा मोटारीने घेतली तरी हा प्रश्न मागे पडला नाही. उलट तो अधिक बिकट झाला. अमेरिकेत मध्यम आकाराची पिकअप, म्हणजे पुढे बसावयाची खोली आणि मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी, नवी घ्यावी की जुनी, याचा खल शेतकरी, सुतार, गवंडी आणि लहान व्यापारी यांच्या घरोघरी चालत आला आहे. वरवर पाहता ही बाब केवळ पैशाच्या हिशेबाची वाटते. परंतु त्या गाडीचा इतिहास पाहिला तर ध्यानात येते की, बाजारात कोणती गाडी उपलब्ध असावी हे पुष्कळदा राजकारणाने ठरविले, आणि उपलब्ध गाडीविषयी ग्राहकास किती कळावे याचा झगडा कायदे होऊनही संपला नाही.

या गाडीचा जन्म कारखान्यात झाला नाही, शेतावर झाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' मोटार १९०८ साली निघाली. ती स्वस्त होती, चिवट होती आणि खाचखळग्यांतून चालत होती. अनेक शेतकऱ्यांनी तिचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटी बसविली आणि दूध, धान्य, कोंबड्या बाजारास नेण्यास आरंभ केला. लोकांनी आपल्या हातांनी केलेला हा फेरफार पाहून कंपनीने १९२५ साली पोलादी हौदा आणि मागे उघडणारा फाळका असलेली गाडी स्वतःच विक्रीस काढली. तिची किंमत २८१ डॉलर होती, आणि पहिल्याच वर्षी सुमारे ३४,००० गाड्या तयार झाल्या. हौदा जेमतेम ५६ इंच लांबीचा, इंजिन २० अश्वशक्तीचे. परंतु मागच्या कमानपाट्यांस अधिक बळकटी दिलेली होती. गाडीचे सारे मोल त्या पाट्यांत आणि खालच्या सांगाड्यात होते. खरेदीदार काय पाहत असे? किती ओझे पेलते आणि मोडल्यास घरच्या घरी दुरुस्त होते की नाही, एवढेच.

पुढील तीन दशकांत अमेरिकन पिकअप उत्तरोत्तर मोठी होत गेली. लहान गाडीची उणीव भरून काढण्यास बाहेरचे लोक आले. जर्मनीच्या फोल्क्सवागेनची हौद्याची गाडी आली. १९५९ साली जपानची डॅटसन आली. तिचे इंजिन एक हजार घनसेंटीमीटरचे व ३७ अश्वशक्तीचे होते, आणि ती पाव टन ओझ्याची समजली जाई. अमेरिकन गाड्यांच्या मानाने हे खेळणेच; पण ज्याला माळव्याच्या चार पाट्या किंवा अवजारांची एक पेटी न्यावयाची आहे, त्यास मोठ्या गाडीचा खर्च कशाला?

अशा वेळी या गाडीच्या वाटेत कोंबडी आडवी आली. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पोसलेल्या कोंबड्यांचे मांस पश्चिम युरोपात फार स्वस्त विकले जाऊ लागले. तेथील शेतकऱ्यांनी ओरड केली, आणि युरोपीय सामायिक बाजाराने १९६२ साली त्यावर जबर जकात बसविली. वाटाघाटी फसल्या. अखेर डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रतिटोला म्हणून बटाट्याचे स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंच्या आयातीवर २५ टक्के जकात जाहीर केली. ती जानेवारी १९६४ पासून अमलात आली. रोख जर्मन गाडीवर होता. पण जकात सर्वच परदेशी ट्रकांना लागू झाली. कोंबडीचे भांडण लोक विसरून गेले, ट्रकांवरील जकात मात्र साठ वर्षे टिकली.

व्यापाऱ्यांनी तीतून पळवाटा शोधल्या, त्याही मोठ्या कौतुकाच्या आहेत. हौद्यावाचून नुसती खोली आणि सांगाडा आणल्यास जकात अवघी ४ टक्के पडे. म्हणून १९७२ पासून इसुझूची गाडी शेवरलेच्या आणि माझदाची गाडी फोर्डच्या नावाने विकण्यासाठी आली, तेव्हा हौदा अमेरिकेत पोहोचल्यावर बसविला जाई. १९८० साली सरकारने ही वाट बंद केली. सुबारूने १९७८ साली हौद्यातच मागे तोंड केलेली दोन आसने ठोकली आणि ही प्रवासी मोटार आहे असे सांगून जकात चुकविली! निसानने मात्र सरळ मार्ग धरला. तिच्या टेनेसी राज्यातील कारखान्यातून १९८३ साली पहिला ट्रक बाहेर पडला. तात्पर्य, लहान गाडी खरेदी करणारा शेतकरी नकळत एका जुन्या जकातयुद्धाचा भागीदार झाला होता.

१९७३ च्या तेलटंचाईने लहान गाड्यांस दिवस आले. १९८२ साली शेवरलेची 'एस-टेन' आणि पाठोपाठ फोर्डची 'रेंजर' निघाली. लहान व मोठी यांच्या मधल्या मापाची पहिली गाडी म्हणून ज्या 'डॉज डकोटा'चा उल्लेख होतो, ती १९८७ सालची. टोयोटाची 'टकोमा' १९९५ साली आली, आणि २००५ च्या नव्या आवृत्तीत तीही वाढून मध्यम झाली. परंतु मधल्याचे दुखणे असे की, त्याला दोहींकडून मार बसतो. मोठी गाडी बनविण्यास तुलनेने थोडाच अधिक खर्च येतो आणि नफा मात्र पुष्कळ. ग्राहकासही थोड्या जास्त पैशांत मोठी गाडी मिळते असे वाटते. २०११ साली अमेरिकेतील रेंजर आणि डकोटा दोन्ही बंद पडल्या. पुढच्याच वर्षी शेवरलेची 'कोलोरॅडो' थांबली. ती २०१५ च्या मालिकेत परत आली, रेंजर २०१९ मध्ये. म्हणजे मध्ये काही वर्षे या मापाच्या नव्या गाड्यांत निवडीस फारसा वावच नव्हता, आणि त्या वर्षांच्या जुन्या गाड्याही पुढे बाजारात थोड्याच आल्या. चांगली जुनी मध्यम पिकअप महाग का, याचे एक कारण या खंडात सापडते.

आता जुन्या गाडीच्या बाजाराकडे वळू. १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये त्याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे साधे होते. जुनी मोटार चांगली की वाईट हे मालकास ठाऊक, ग्राहकास नाही. म्हणून ग्राहक सर्वच गाड्यांना मध्यम किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही, वाईट गाडीचा मालक मात्र आनंदाने येतो. होता होता बाजारात वाईटच माल उरतो. हा निबंध लिहिणारे गृहस्थ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत वर्षभर होते, आणि बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाआकाराचे खडे निवडून काढणारी भारतीय गृहिणी त्या निबंधात दृष्टांतादाखल आली आहे. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या आपल्या आयाबहिणी अर्थशास्त्राचा हा सिद्धांत रोज पाखडीत होत्या, एवढेच.

यावर कायद्याने इलाज केला नाही असे नाही. मोटार किती मैल धावली हे दाखविणारे यंत्र मागे फिरविणे हा अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने देशव्यापी अपराध ठरला. १९८१ पासून प्रत्येक गाडीस १७ अक्षरांचा ओळख-क्रमांक आला, त्यामुळे तिचा पूर्वेतिहास शोधणे सुकर झाले. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने नियम काढला की, जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आपणास ठाऊक असलेले दोष गाडीच्या काचेवर लावलेल्या पत्रकात लिहावेत. विक्रेत्यांनी गहजब केला. १९८२ मध्ये अमेरिकन संसदेने तो नियम नामंजूर केला. संसदेची ही नामंजुरीच घटनाबाह्य असल्याचा निकाल १९८३ मध्ये कायम झाला. तथापि आयोगाने फेरविचार केला, आणि १९८५ पासून जो नियम लागू झाला त्यात पत्रक राहिले, हमी आहे की नाही हे लिहिण्याची सक्ती राहिली, पण ठाऊक असलेले दोष सांगण्याचे कलम गळाले! त्या पत्रकात ग्राहकास एक उपदेश मात्र आहे : आपल्या विश्वासाच्या कारागिराकडून गाडी तपासून घेऊ द्याल का, असे विक्रेत्यास विचारा. म्हणजे कायदा पुन्हा बैलाच्या दातांपाशीच येऊन थांबला.

मग नवीच घ्यावी, तीत लपविण्याजोगा भूतकाळ नाही, असे कोणी म्हणेल. तेही सर्वस्वी खरे नाही. टकोमाचेच उदाहरण पाहा. गाडी टिकाऊ म्हणून विख्यात. परंतु बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत १९९५ ते २००० च्या गाड्यांचे सांगाडे गंजून भोके पडू लागली. २००८ मध्ये कंपनीने गंजाविषयीची हमी १५ वर्षांपर्यंत वाढविली आणि ज्या गाड्या दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या, त्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतल्या. पुढील काळातील गाड्यांबाबतच्या दाव्यात २०१६ साली तडजोड झाली. तिचा अंदाज ३४० कोटी डॉलरपर्यंत होता. विकत घेतल्या त्या दिवशी या गाड्यांचा दोष ना विक्रेत्यास दिसत होता ना ग्राहकास. जुन्या गाडीत भूतकाळ झाकलेला असतो, नव्या गाडीत भविष्य. आणि नवी घेणारा हमीच्या रूपाने त्या अज्ञानाचा काही भार कारखानदारावर टाकतो, त्याचेच जास्त पैसे मोजतो.

जुनी म्हणजे स्वस्त, हा समजही काळाने एकदा पुरता उलटविला. महासाथीनंतर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या टंचाईने नव्या गाड्या निघेनात, तेव्हा जून २०२१ मध्ये अमेरिकेतील जुन्या मोटारी व ट्रक यांच्या किमतींचा सरकारी निर्देशांक वर्षभरात सुमारे ४५ टक्क्यांनी वर गेला. ज्यांनी केवळ स्वस्ताईच्या आशेने जुनी गाडी शोधली, त्यांनी त्या वर्षी जुन्या मालास जवळजवळ नव्याचे मोल दिले.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वेषात आहे. टाटांची पिकअप १९८८ मध्ये आली, टाटांचीच छोटी 'एस' २००५ मध्ये. अमेरिकन अर्थाने मध्यम असलेली इसुझूची गाडी २०१६ मध्ये आणि टोयोटाची 'हायलक्स' २०२२ मध्ये. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांस परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असताना तिची जबाबदारी कोणाची, हे त्याने स्पष्ट केले. गोवे, बेळगाव आणि कोल्हापूर यांच्या दरम्यान गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यास यात आणखी एक पदर आहे : गाडी परराज्यातील असेल तर मूळ नोंदणी-कार्यालयाचा ना-हरकत दाखला, आणि कर्ज काढून घेतलेली असेल तर ते फिटल्याची नोंद, ही दोन कागदपत्रे हाती आल्यावाचून सौदा पुरा झाला असे मानू नये. आपल्या किनारपट्टीवर बर्फावरचे मीठ नाही, पण खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. म्हणून रंग पाहण्यापूर्वी गाडीखाली शिरून सांगाडा आणि कमानपाटे पाहावेत.

शंभर वर्षांचा हा इतिहास एकच क्रम शिकवितो. आधी आपले ओझे किती ते ठरवावे. १९२५ च्या शेतकऱ्याने ते ठरविले होते, म्हणून ५६ इंचांचा हौदा त्यास पुरला. नंतर सांगाडा पाहावा, मग कागद, आणि किंमत सर्वांत शेवटी. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात, आणि संसाराची पुंजी गुंतलेली असते ती नेमकी त्यांचीच. नव्या-जुन्याचा निर्णय यानंतर फारसा कठीण राहत नाही : ज्यापाशी पारखणारा विश्वासू कारागीर आहे त्याने जुनी घ्यावी, ज्यापाशी नाही, त्याने हमीचे पैसे मोजून नवी घ्यावी. पारख ही जिन्नस बाजारात मिळत नाही. ती घरून घेऊनच बाजारात जावे लागते.