नाद : एका शब्दाचा प्रवराकाठचा इतिहास

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा संगमनेर, बेलापूर आणि नेवासे या गावांवरून वाहत प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. या खोऱ्यात आणि त्याच्या शेजारच्या देवगिरीत तेराव्या शतकात ‘नाद’ या शब्दाला जे अर्थवैभव लाभले, त्यावाचून मराठीतील या शब्दाचा इतिहास पुरता उलगडत नाही.

‘नाद’ हा ‘नद्’, म्हणजे आवाज करणे, या धातूपासून सिद्ध झाला असून ‘नदी’ हा शब्दही परंपरेने त्याच धातूशी जोडला जातो. वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्य ग्रंथांनी कंठद्वार मोकळे असता वाहणाऱ्या हवेला ‘श्वास’ आणि ते आकुंचित असता उमटणाऱ्या ध्वनीला ‘नाद’ म्हटले. क आणि ग यांच्या उच्चारांतील जो भेद आजचे ध्वनिशास्त्र स्वरतंतूंच्या कंपनाने स्पष्ट करते, तो या आचार्यांनी केवळ सूक्ष्म श्रवणाने आणि देहाच्या निरीक्षणाने ओळखला होता.

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात नादालाच संगीताचा पाया मानले. ‘न’ म्हणजे प्राण आणि ‘द’ म्हणजे अग्नी, अशी त्याने दिलेली फोड व्याकरणाला धरून नसली, तरी तिच्यामागे एक विचार आहे : मनाच्या प्रेरणेने देहातील अग्नी वायूला चालना देतो आणि तो वायू वर चढत हृदयात मंद्र, कंठात मध्य व मस्तकात तार नाद निर्माण करतो. आघाताने उत्पन्न होणारा तो ‘आहत’ आणि आघातावाचून योग्याला अंतरी ऐकू येणारा तो ‘अनाहत’, असे नादाचे दोन प्रकारही त्याने सांगितले.

पुढे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, नेवाशात सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात नाथपंथाच्या योगमार्गातील हाच अनाहत मराठीत अवतरला आणि संस्कृतज्ञांपुरती मर्यादित असलेली संकल्पना सामान्य श्रोत्यांच्या भाषेत आली.

नादश्रवणात चित्त लीन होते, ही योगमार्गातील धारणा ध्यानात घेतली, म्हणजे मराठीत ‘नाद’ या शब्दाला छंद आणि आसक्ती हे अर्थही असावेत, यातील संगती जाणवते. भजनाचा नाद, नादी लागणे, नाद सोडणे या प्रयोगांत ध्वनीचा उल्लेख नसतो, पण ध्वनीने मन वेधले जाण्याचा अनुभव असतो. कंठातील कंपनापासून मनाच्या ओढीपर्यंतचा हा अर्थविस्तार म्हणजे मराठीने एका शास्त्रीय संज्ञेला दिलेले स्वतंत्र आयुष्य होय.