अधिकृत सांख्यिकी : निधी व स्वायत्तता

अधिकृत सांख्यिकी म्हणजे शासकीय यंत्रणेने गोळा करून प्रसिद्ध केलेली आकडेवारी. तिचा खर्च सरकार करते आणि सरकारचे कामही तिच्यावरूनच जोखले जाते. त्यामुळे पैसा कोण देतो आणि आकडे प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाचा, यांवर तिची विश्वासार्हता ठरते.

गावपातळी : पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंड भागात पिकांची नोंद गाव नमुना १२ मध्ये होते. पीक कापणी प्रयोगांच्या आधारे पैसेवारी, म्हणजे प्रमाण उत्पादन १०० पैसे मानून केलेला पिकाचा अंदाज, ठरते. ती ५० पैशांहून कमी असणे ही दुष्काळी सवलतींची दीर्घकाळची अट होती. मात्र पीक पाहणी करणारा तलाठी आणि सवलती देणारी यंत्रणा एकाच महसूल विभागातली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करू लागला.

स्वतंत्र पाहणीची परंपरा : शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची हॅरल्ड मान व ना. वि. कानिटकर यांनी केलेली पाहणी १९२१ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथमालेत निघाली. मान सरकारी कृषी खात्यात अधिकारी होते. तरीही गावातील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न गरजांना अपुरे असल्याचा निष्कर्ष उघडपणे मांडला गेला. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली ही परंपरा रुजली.

राज्य : अर्थ व सांख्यिकी संचालनालय नियोजन विभागाखाली असून दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ सिद्ध करते. जिल्हास्तरीय सांख्यिकी सुधारण्यासाठी तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ या काळाकरिता प्रत्येक जिल्ह्यामागे १ कोटी रुपये, एकूण ६१६ कोटींची शिफारस केली होती.

केंद्र : सांख्यिकी व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या रंगराजन आयोगाच्या २००१ मधील अहवालानंतर २००६ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोग कामाला लागला, पण तो कायद्याने नव्हे, सरकारी ठरावाने. आयोगाने मान्य केलेला २०१७-१८ चा रोजगार अहवाल रखडल्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये पी. सी. मोहनन व जे. व्ही. मीनाक्षी या सदस्यांनी राजीनामे दिले. लोकसभा निवडणूक झाल्यावर, ३१ मे रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता.

उपाय : संयुक्त राष्ट्रांची अधिकृत सांख्यिकीची मूलतत्त्वे भारताने २०१६ मध्ये स्वीकारली. ती प्रत्यक्षात यायची तर आयोगाला कायद्याचे अधिष्ठान, विधिमंडळांनी थेट मंजूर केलेला निधी आणि आधीच जाहीर केलेले प्रसिद्धीचे वेळापत्रक हवे. दुष्काळी गावाला न्याय मिळण्यासाठी खरा आकडा वेळेवर बाहेर येणे अत्यावश्यक आहे.